सभासद शिक्षण : घरातल्या तेलाचा हिशेब



या सदरात आपण नेहमी लागण, खोडवा, खते आणि पाणी यांवर बोलतो. या वेळचा विषय स्वयंपाकघरातला आहे. तो आम्ही आपल्या मनाने घेतलेला नाही. महिला सभासदांच्या मेळाव्यात एका भगिनीने उभे राहून विचारले, "डॉक्टर म्हणतात तूप बंद करा. सासूबाई म्हणतात तुपाशिवाय अंगात ताकद यायची नाही. पोरगा मोबाईल बघून सांगतो, खोबरेल प्या. आता आम्ही कढईत घालायचं तरी काय?"

सभागृहात हशा पिकला. पण मेळावा उठल्यावर त्याच बाईंनी बाजूला येऊन सांगितलेली हकिकत हसण्यासारखी नव्हती. त्यांच्या मालकांना दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला. कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी गोळी बंद केली आणि रोज सकाळी अनशापोटी दोन मोठे चमचे खोबरेल प्यायला सुरुवात केली. चार महिन्यांनी रक्त तपासले तर कोलेस्टेरॉल पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढलेले. डॉक्टर रागावले, गोळी पुन्हा सुरू झाली आणि सुदैवाने तेवढ्यावर निभावले.

एका माणसाच्या रक्ताच्या रिपोर्टवरून सगळ्या तेलांचा निवाडा करता येत नाही, हे आम्हांलाही कळते. पण असे प्रयोग आपल्या कार्यक्षेत्रात घरोघरी चाललेले आहेत. दिवाळीची सवलतीची साखर घेताना आपण किलोचा हिशेब चोख बघतो. तेलाचा डबा मात्र कधी फुटला आणि कधी संपला, याचा पत्ता नसतो. म्हणून हा धडा.

तेल म्हणजे काय? मोळीचे उदाहरण

तेल, तूप, लोणी, चरबी या सगळ्यांची घडण एकच. त्यांत स्निग्धाम्ले नावाच्या लांब साखळ्या असतात. काही साखळ्या सरळ, काही वाकड्या.

आता उसाची मोळी डोळ्यांपुढे आणा. सरळ वाढलेला ऊस मोळीत गच्च बसतो. वादळात लोळलेला वाकडातिकडा ऊस कितीही आवळला तरी मध्ये पोकळ्या राहतात. तेलाचेही तसेच आहे. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून गच्च बसतात, म्हणून तो पदार्थ थंडीत थिजतो. या साखळ्यांना संपृक्त स्निग्धाम्ले म्हणतात. वाकड्या साखळ्या नीट रचल्या जात नाहीत, म्हणून ते तेल पातळ राहते. ती असंपृक्त. ज्या साखळीला एकच बाक आहे ती एकअसंपृक्त आणि ज्या साखळीला अनेक बाक आहेत ती बहुअसंपृक्त.

खोबरेल साधारण २४ अंश सेल्सियसच्या खाली थिजते. करडईचे तेल पौषातल्या थंडीतही वाहते. दोन्हींतला फरक आपल्या बायाबापड्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे, त्याचे कारण हे असे आहे.

निरनिराळ्या तेलांच्या १०० भागांत कोणत्या साखळ्या किती असतात, ते ढोबळ मानाने खाली देत आहोत. वाण आणि हवामानाप्रमाणे थोडे इकडेतिकडे होते.

खोबरेल : संपृक्त ९०, एकअसंपृक्त ७, बहुअसंपृक्त ३
साजूक तूप : संपृक्त ६५, एकअसंपृक्त ३१, बहुअसंपृक्त ४
पाम तेल : संपृक्त ५०, एकअसंपृक्त ४०, बहुअसंपृक्त १०
सरकी : संपृक्त २६, एकअसंपृक्त २०, बहुअसंपृक्त ५४
भुईमूग (गोडेतेल) : संपृक्त २०, एकअसंपृक्त ५०, बहुअसंपृक्त ३०
तीळ : संपृक्त १५, एकअसंपृक्त ४०, बहुअसंपृक्त ४५
सोयाबीन : संपृक्त १५, एकअसंपृक्त २४, बहुअसंपृक्त ६१
करडई : संपृक्त १०, एकअसंपृक्त १५, बहुअसंपृक्त ७५

हा तक्ता कापून फडताळाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा. पुढचे सगळे त्याच्यावरच आधारलेले आहे.

खोबरेल : ना विष, ना औषध

आपल्या घाटावर खोबरेल डोक्याला आणि खोबरे कांदा-लसूण मसाल्याला, अशी वाटणी आहे. दक्षिण कोकणात, गोव्यात आणि केरळात खोबरेल स्वयंपाकात चालते. त्या लोकांनी शेकडो वर्षे ते खाल्ले, त्याअर्थी ते विष खासच नाही.

पण ते औषध आहे काय? २०२० साली जगभरच्या १६ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. सोयाबीन, सूर्यफूल, करडई, ऑलिव्ह अशा तेलांच्या मानाने खोबरेल खाणाऱ्यांचे वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एल.डी.एल., सरासरीने १० मिलिग्रॅमच्या आसपास अधिक भरले. चांगले कोलेस्टेरॉलही सुमारे ४ मिलिग्रॅमने वाढले, हे खरे. पण चांगले वाढले म्हणून वाईटाचा दोष फिटतो, असे आजचे वैद्यकशास्त्र मानत नाही. वाईट कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीत साचते, जसा पाइपलाइनमध्ये क्षार धरतो.

याला उलट उदाहरणेही आहेत, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. केरळात हृदयविकाराच्या सुमारे २०० रुग्णांना दोन गटांत विभागून एकाला खोबरेल आणि दुसऱ्याला सूर्यफुलाचे तेल दोन वर्षे दिले. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मोबाईलवर हाच दाखला फिरतो. पण ते रुग्ण डॉक्टरांची औषधे घेत होते, हे मोबाईल सांगत नाही. आपल्या सभासद बंधूंनी नेमकी तीच गोळी सोडली होती.

दुसरा दाखला पॅसिफिक महासागरातल्या पुकापुका आणि टोकेलाऊ या बेटांचा. तिथले लोक नारळावरच जगत. टोकेलाऊत तर खाण्यातली निम्म्याहून अधिक ऊर्जा नारळातून येई. तरीही १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयविकार तिथे क्वचितच आढळला. मात्र जास्त नारळ खाणाऱ्या टोकेलाऊकरांचे कोलेस्टेरॉल पुकापुकाच्या लोकांपेक्षा जास्त होते. शिवाय ते अख्खा नारळ खात, सोबत मासे खात, अंगमेहनत करीत आणि साखर फार थोडी खात. साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे शेवटचे वाक्य छापायला थोडे जड जाते, पण खरे ते खरे.

आणखी एक गैरसमज. खोबरेलात 'मध्यम लांबीच्या' साखळ्या असतात, त्या लगेच जळतात आणि वजन उतरते, असे सांगतात. ज्या तेलावर तसले प्रयोग झाले ते ८ आणि १० कार्बनच्या साखळ्यांचे, मुद्दाम तयार केलेले तेल होते. खोबरेलात त्या साखळ्या १०० पैकी १५ च्या आतबाहेर. त्यातला मोठा वाटा, जवळजवळ निम्मा, १२ कार्बनच्या लॉरिक आम्लाचा आहे, आणि ते शरीरात बरेचसे लांब साखळीसारखेच वागते.

आता हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले की, दिवसाच्या एकूण ऊर्जेत संपृक्त स्निग्धाम्लांचा वाटा १०० पैकी १० च्या वर जाऊ नये. २००० कॅलरी खाणाऱ्याला हा कोटा सुमारे २२ ग्रॅमचा. दोन मोठे चमचे खोबरेल म्हणजे २७ ग्रॅम तेल, त्यात २४ ग्रॅम संपृक्त. म्हणजे सकाळची न्याहारी व्हायच्या आत दिवसाचा कोटा संपला! दूध, दही, मटण अजून पुढेच आहे. मग भाजीत ओल्या नारळाचा चव घालू नये काय? जरूर घालावा. वांग्याच्या भाजीतले खोबरे वेगळे आणि वाटीने तेल पिणे वेगळे.

साजूक तूप आणि लोणी

तुपाचीही गोष्ट तीच. एका लहान चमच्यात साडेचार-पाच ग्रॅम तूप, त्यात ३ ग्रॅम संपृक्त. धडधाकट माणसाने वरणभातावर एक चमचा घेतले तर कुणाचे काही बिघडत नाही, जेवण गोड लागते आणि 'अ' जीवनसत्त्वही मिळते. पण सासूबाईंच्या काळी घरात चार माणसे पहाटेपासून मोट हाकीत होती, बायका जात्यावर दळीत होत्या. आज मोटारीचे बटण घरबसल्या दाबता येते आणि मळ्यात जायला मोटारसायकल आहे. तूप तेवढेच राहिले आणि कष्ट निम्म्यावर आले, तर शिल्लक अंगावर दिसणारच.

करडई : आम्हीही चुकलो

आता आमच्या कबुलीजबाबाचा भाग. करडई हे आपल्या जिरायती भागाचे पीक. ज्वारीच्या कडेने करडईचे तास असत. काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे आणि घराला वर्षाचे तेल होई. पुढे या तेलाने कोलेस्टेरॉल उतरते असे सिद्ध झाले आणि ते 'हृदयाचे तेल' ठरले. आम्हीही सभासदांच्या बैठकांतून छातीठोकपणे सांगत आलो की, बाकी सगळे सोडा, फक्त करडई खा, कितीही खा.

हे 'फक्त' आणि 'कितीही' चुकीचे होते. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकार झालेल्या ४५८ पुरुषांवर प्रयोग झाला. एका गटाला लोणी-चरबीऐवजी करडईचे तेल आणि त्याच तेलाचे मार्गारिन भरपूर दिले. कोलेस्टेरॉल उतरले. पण २०१३ साली जुनी कागदपत्रे पुन्हा तपासून प्रसिद्ध झाली, तेव्हा करडईच्या गटात १०० पैकी सुमारे १८ जण दगावल्याचे आणि दुसऱ्या गटात सुमारे १२ जण दगावल्याचे दिसले. तेलाचा दोष किती आणि मार्गारिनचा किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे.

म्हणून करडई वाईट, असा उलटा अर्थ कुणी काढू नये. संपृक्त चरबी कमी करून तिच्या जागी असंपृक्त तेल घेतले तर हृदयविकार घटतो, असा एकंदर पुष्कळ चाचण्यांचा कौल आहे. पण करडईत बहुअसंपृक्ताची एकच जात, ओमेगा-६, ठासून भरलेली असते. ओमेगा-३ ही दुसरी जात तिच्यात जवळजवळ नसते. ती जवसात भरपूर आणि सोयाबीनमध्ये थोडी असते. एकाच शेतात वर्षानुवर्षे नुसता युरिया टाकला तर काय होते, ते आपणांस सांगायला नको. तेलाचेही तसेच. म्हणून हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की, एकाच तेलाला चिकटून राहू नये, दोन-तीन तेले आलटून पालटून वापरावी. गोडेतेल, करडई, सोयाबीन असा फेर ठेवावा. जोडीला भाकरीबरोबर जवसाची आणि कारळ्याची चटणी असावी.

खरा शत्रू : वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तेल

खोबरेल आणि तूप यांवर भांडता भांडता ज्याच्यावर आधी नजर पाहिजे तो मोकळा सुटतो. वनस्पती तूप आपल्याकडे १९३७ साली डालड्याच्या डब्यातून घराघरांत आले. पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन वायू सोडून ते घट्ट करीत. या क्रियेत वाकड्या साखळ्यांपैकी काही, बाक न भरताच, सरळ होतात. ही ट्रान्स स्निग्धाम्ले. ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले उतरवतात, असा दुहेरी मार देतात. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तेल-तुपातील त्यांची मर्यादा २०२१ साली १०० मध्ये ३ आणि जानेवारी २०२२ पासून २ वर आणली. तरी स्वस्त खारी, बिस्किटे, केकवरचा थर घेताना पाकिटावरचा मजकूर वाचावा.

जाता जाता एक गंमत. साजूक तुपात वनस्पतीची भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल मिसळण्याची सरकारने सक्ती केली होती. अशा तुपात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर घालून हलवले की तांबूस गुलाबी रंग येतो. आपल्या साखरेचा हा असाही उपयोग! ही परीक्षा प्रयोगशाळेतच करावी, घरी आम्लाशी खेळू नये. आणि भेसळ पाम तेलाची असेल तर या परीक्षेत ती सापडत नाही, हेही ध्यानात असू द्या.

दुसरा शत्रू काळे पडलेले तेल. भजी-वड्याची कढई सकाळी चढते, तेच तेल संध्याकाळपर्यंत आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी. तापून तापून तेलात अपायकारक द्रव्ये तयार होतात. जुलै २०१८ पासून कायद्याने त्यांना १०० मध्ये २५ ची मर्यादा घातली आहे. ती मोजायचे यंत्र आपल्याजवळ नसते, पण डोळे आणि नाक आहे. तेल काळपट झाले, चिकट झाले, फेसाळू लागले, लवकर धूर सोडू लागले की टाकून द्यावे. दिवाळीच्या फराळाचे उरलेले तेल गाळून एकदा-दोनदा फोडणीला वापरून संपवावे. त्यात नवे तेल ओतून पुन्हा तळण काढू नये.

घाण्याचे की रिफाइंड?

हा प्रश्न हल्ली फार येतो. घाण्याच्या तेलाला वास, चव आणि 'ई' जीवनसत्त्व जास्त टिकते. रिफाइंड तेलाचे वास-रंग काढून टाकलेले असतात. पण वर दिलेला तक्ता दोहोंना तोच लागू आहे. घाण्यावर काढले म्हणून खोबरेलातले ९० भाग संपृक्त कमी होत नाही, की डब्यातले गोडेतेल रिफाइंड केले म्हणून विष होत नाही. सरकीचे तेल तर शुद्ध करूनच खायचे असते, कारण कच्च्या तेलात गॉसिपॉल हे अपायकारक द्रव्य असते.

घाण्याला भुईमूग नेणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. शेंगा ओल्या राहिल्या की दाण्यावर बुरशी चढते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते. रिफाइंड करताना ते बहुतेक निघून जाते, घाण्याच्या तेलात मात्र काही अंश उतरतो. म्हणून शेंगा खडखडीत वाळवाव्या आणि काळे, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे निवडून काढावे. "तेलालाच तर जायचंय" म्हणून खराब माल घाण्यात टाकू नये. ते तेल आपल्याच पोरांच्या ताटात येते.

डबा किती दिवस पुरावा?

आता मुख्य हिशेब. कोणतेही तेल घ्या, तूप घ्या, १ ग्रॅमला ९ कॅलरी. त्यात उच्च-नीच नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम, मध्यम कष्टाच्याला ३० आणि जड कष्टाच्याला ४० ग्रॅम वरचे तेल-तूप पुरे होते. बायकांना अनुक्रमे २०, २५ आणि ३०.

घरात ५ माणसे आणि सरासरी ३० ग्रॅम धरले तर दिवसाला १५० ग्रॅम, महिन्याला साडेचार किलो. म्हणजे १५ किलोचा डबा १०० दिवस चालला पाहिजे, आणि या हिशेबात तूप-लोणीही आले. आम्ही आमच्याच चार घरांत विचारपूस केली. एकाही घरात डबा ६० दिवसांवर गेला नव्हता. रश्श्यावर बोटभर तर्री तरंगल्याशिवाय पाहुण्याचा मान राहत नाही, ही आपली रीत. या रीतीत कुठले तेल, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

तेल आपल्या रानात

शेवटी शेतीकडे येऊ. बागायत झाली, ऊस आला, चार पैसे आले, हे चांगलेच झाले. पण करडई आणि भुईमूग बांधावरून हद्दपार झाले. आज देश आपल्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पाम तेलाचा. आपण तेल पिकवणारे होतो, ते तेल विकत घेणारे झालो.

घरापुरते तरी हे बदलता येईल. सुरू उसात भुईमुगाचे, आडसालीत सोयाबीनचे किंवा भुईमुगाचे आंतरपीक बसते. घरच्या वर्षाच्या तेलापैकी निम्मे भुईमुगाचे धरले तर २७ किलो तेल लागेल. घाण्यावर १०० किलो दाण्यांचे ४० किलो तेल धरले तर वाळलेल्या शेंगा सुमारे एक क्विंटल पुरतात. पेंड जनावरांना मिळते, मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. ज्यांच्याकडे जिरायत तुकडा आहे त्यांनी करडई करावी. काट्यांना कंटाळलेल्यांसाठी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले आहेत. मात्र करडईला पाणी साचलेले चालत नाही, तेव्हा पाटाच्या बुडाशी पेरू नये.

घरी करून पाहा

१. नवा डबा फोडाल त्या दिवशी त्याच्यावर तारीख लिहा. संपेल त्या दिवशी पुन्हा लिहा. दिवस मोजा.

२. फोडणीला तेल थेट डब्यातून ओतू नका. लहान चमच्याने घाला. एका माणसाला दिवसाला असे सहा-सात चमचे, सगळे मिळून.

३. पुढचा डबा वेगळ्या तेलाचा आणा.

४. ज्यांना हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी कुठल्याही तेलाच्या भरवशावर गोळी बंद करू नये. शंका असेल तर डॉक्टरांना विचारावे, मोबाईलला नव्हे.

त्या भगिनीला आमचे उत्तर एवढेच आहे : बाई, कढईत गोडेतेल घाला, करडई घाला, सणाला साजूक तूप वाढा, भाजीत खोबरे घाला. पण चमचा हातात ठेवा. आणि मालकांची गोळी रोज रात्री तुमच्या हाताने द्या.

ज्या सभासदांच्या घरी डबा १०० दिवस चालेल त्यांनी आपल्या गटऑफिसात कळवावे. त्यांचा अनुभव पुढील अंकात अगत्याने छापू.